बिल्ल्यावर काय लिहायचं

आकुर्डीच्या शाळेत चौथी ब चा वर्ग मिळाला,
रविवारी चार ते सहा,
पंखे लावायचे नाहीत या अटीवर.
बाकं लहान. गुडघे छातीशी घेऊन बसलो नऊजण.
फळ्यावर सतराचा पाढा,
सतरा चोक अडुसष्टपर्यंत शाबूत,
पुढे कुणाचा तरी हात फिरलेला.

"परिषद नका म्हणू," वाघमोडे म्हणाले, "मेळावा म्हणा.
परिषदेला कोट लागतो."
एकवीस वर्षं भोसरीत गिअर कापले त्यांनी,
अजून बोलताना अंगठा तर्जनीवर घासतात,
धार कुठे राहिलीय का बघत.

खर्चाचा कागद शेरॉनकडे.
सभागृह फुकट, खुर्ची साडेसात रुपये नग,
माईकवाला तिच्या भावाच्या ओळखीतला.
एका कंपनीने पाण्याच्या बाटल्या देऊ केल्यात,
बाटलीवर नाव त्यांचं.
मार्चमध्ये सहाशे माणसं काढली, तीच कंपनी.
कुणीतरी हसलं.
मग बराच वेळ कुणीच हसलं नाही.
ठरलं: चार माठ. पेला ज्याने त्याने घरून आणायचा.

सत्रं लिहायला घेतली.
पीएफ अडकला तर: बोलायला तिघे तयार.
चाळिशीनंतरची मुलाखत: दोघे.
हप्ते, बँक, वसुलीवाल्यांचे फोन: एक वकीलबाई येते म्हणाल्यात.
घरी कसं सांगितलं:
हात नाही.
लोणकर खिडकीतून मैदानाकडे बघत राहिला.
त्याच्या मांडीवर डबा,
सकाळी आठला त्याच्यासोबत निघालेला.
"रविवारी ओव्हरटाइम असतो," तो म्हणाला,
आणि झाकण काढून मेथीची भाजी पुढे केली.
खाल्ली आम्ही. गार होती, चांगली होती.
ते सत्र वेळापत्रकात राहिलं, जेवणाच्या आधी,
वक्त्याच्या जागी रेघ.

मग बिल्ले.
दोऱ्या निळ्या नकोत, यावर एकमत झालं.
नावाखाली काय?
माजी अमुक, असं एकजण म्हणाला,
"माजी आमदारासारखं," वाघमोडे म्हणाले, आणि ते बारगळलं.
नोंदणीची वही माझ्याकडे.
मला याद्यांची सवय आहे.

हिंजवडीत, तिसऱ्या टप्प्यात, काचेची खोली होती माझी.
टेबलावर कागदी रुमालांचा खोका,
तो मीच मागवायचे, स्टेशनरीच्या खात्यातून.
एकेकाला बारा मिनिटं.
दोनशे अकरा पत्रं दिली मी.
दोनशे बारावं माझं, त्याला चार मिनिटं लागली,
आणि खोका संपला होता.
हे इथे मी बोलले नव्हते.

दुसऱ्या बाकावरचे तांबोळी
पहिल्या बैठकीपासून माझ्याशी सरळ बोलायचे,
मला वाटलं, विसरले असतील.
आज म्हणाले, सगळ्यांदेखत,
"बिल्ले मॅडमना लिहू द्या.
माझ्या पत्रात आडनावातलं एक अक्षर गळलं होतं.
त्यांनी ते पेनानं भरलं, सावकाश,
आणि मग कागद माझ्याकडे सरकवला."

शेरॉनने खर्चाचा कागद उलटा ठेवला.
हा टोला होता की माफी,
त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.
बाहेर शिपाई किल्ल्या वाजवत व्हरांड्यातून गेला,
परत आला.

मी स्केचपेन उघडलं. वास तसाच, शाळेचा.
"ळी दीर्घच ना?" मी विचारलं.
"दीर्घ," तांबोळी म्हणाले.
"या वेळी आधी विचारलंत."

नावाखालची जागा तशीच सोडली.
ज्याला जे लिहायचं ते दारात लिहू दे,
दोन पेनं दोऱ्याने टेबलाला बांधून ठेवू.
"तीन," वाघमोडे म्हणाले. "एक चालत नसतंच."